लाखभर अंकांची संख्या आणि आठचा पाढा

सात रस्त्याच्या सिग्नलला पुढे रिक्षा उभी असली की माझी नजर आधी नंबरप्लेटवर जाते. एमएच १३ सोडून द्यायचं, सोलापुरात ते सगळ्यांचंच. शेवटचे चार आकडे उचलायचे आणि सिग्नल सुटायच्या आत ते उलटेसुलटे करून आठने भाग जाणारी संख्या बसते का ते बघायचं. समजा २३५७. बसते? मागच्याने हॉर्न मारेपर्यंत उत्तर यायला हवं.

ही खोड मला एका प्रोग्रॅमिंगच्या कोड्याने लावली. रविवारी सकाळी पूर्व भागातल्या एका खोलीत डिप्लोमाची पाच-सहा पोरं कोडिंग शिकायला जमतात. खाली यंत्रमागांची खटखट आणि वर आमचा फळा. त्यांना पहिल्याच महिन्यात मी हे कोडं देतो. गणित सातवी-आठवीचं आहे, पण नुसता कोड बडवणारा आणि आधी विचार करणारा यांतला फरक तासाभरात दिसतो.

कोडं असं. एक संख्या दिली आहे. तिचे अंक हव्या त्या क्रमाने पुन्हा मांडायची मुभा आहे. तसं मांडून आठने नि:शेष भाग जाणारी संख्या तयार होते का? उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. संख्या एका अंकाची असेल किंवा एक लाख अंकांचीही असेल. ६१ दिली तर हो, कारण १६. ७५ दिली तर नाही, कारण ७५ ला भाग जात नाही आणि ५७ लाही नाही.

सगळ्या मांडण्या करून बघू नका

पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो. अंकांच्या सगळ्या मांडण्या काढायच्या आणि प्रत्येकीला आठने भागून बघायचं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मांडण्या काढायचं तयार फंक्शन मिळतं, चार ओळींत काम होतं. मीही पूर्वी नोकरीच्या एका ऑनलाइन परीक्षेत हेच केलं होतं. पहिल्या तीन चाचण्या हिरव्या झाल्या, चौथीपासून पुढे सगळीकडे 'वेळ संपली'. मे महिना, खोलीत भट्टी, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतोय. माझी खात्री पटली होती की लॅपटॉपच जुना झालाय. लॅपटॉप ठणठणीत होता, मीच त्याला भलत्या कामाला जुंपलं होतं.

किती भलत्या, ते कागदावर करून बघा. तीन वेगवेगळ्या अंकांच्या मांडण्या ६, चारच्या २४, दहाच्या ३६,२८,८००. इथपर्यंत मशीन कुरकुरत नाही. पंधरा वेगवेगळ्या वस्तूंच्या मांडण्या होतात १३,०७,६७,४३,६८,०००. सेकंदाला एक कोटी तपासल्या तरी दीड दिवस लागेल. वीस वस्तू घेतल्या तर त्याच वेगाने साडेसात हजारांहून जास्त वर्षं. अंक दहाच असल्यामुळे लांब संख्येत ते पुन्हा पुन्हा येतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या मांडण्या कमी होतात, हे खरं. पण तयार फंक्शनला त्याचं सोयरसुतक नसतं, ते दोन सारख्या अंकांची अदलाबदलही नवी मांडणी म्हणून देत राहतं. आणि आपली संख्या लाख अंकांची आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) शेवटचं प्रकरण याच विषयावर आहे, नाव 'अंकपाश'. त्यात शंकराच्या दहा हातांतली पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधं आपसांत बदलली तर किती मूर्ती होतील, असं विचारलंय. उत्तर तेच, ३६,२८,८००. सिद्धेश्वराच्या गावातल्या पोरांना हे उदाहरण लगेच कळतं, दुसरं द्यावं लागत नाही.

मला त्यातलं खरं आवडतं ते पुढचं गणित. २ ते ९ हे आठ अंक घेऊन आठ अंकी संख्या किती होतील, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या होतात ४०,३२०. बेरीज करायला भास्कराचार्य त्यातली एकही लिहीत नाहीत. ४०,३२० ला अंकांच्या बेरजेने, म्हणजे ४४ ने गुणायचं, ८ ने भागायचं, येतात २,२१,७६०. हा आकडा एकेक घर सरकवत आठ वेळा मांडायचा आणि बेरीज घ्यायची: २४,६३,९९,९९,७५,३६०. छोटं करून पाहायचं असेल तर २ आणि ८ घ्या. संख्या २, अंकांची बेरीज १०, दोन्हींचा गुणाकार २०, भागिले २, आले १०. एक घर सरकवून दोनदा मांडले की ११०. आणि २८ अधिक ८२ म्हणजे ११०च. मांडण्या न करता मांडण्यांबद्दल बोलायचं, ही युक्ती आपल्यालाही हवी आहे.

संख्या वाचायची, पण संख्या म्हणून नाही

लाख अंकांची संख्या सी किंवा जावाच्या नेहमीच्या पूर्णांकात मावत नाही. ६४ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक ९,२२३,३७२,०३६,८५४,७७५,८०७ ला संपतो, म्हणजे एकोणीस अंकांतच गाडी थांबते. पायथॉनचा पूर्णांक वाटेल तेवढा मोठा होतो, म्हणून पायथॉनवाले निर्धास्त असतात. पण ३.११ आवृत्तीपासून तिथेही ४३०० अंकांपेक्षा लांब मजकुराचा पूर्णांक करायला गेलात तर एरर येते. मर्यादा वाढवता येते, पण वाढवू नका. आपल्याला त्या संख्येची किंमत नकोच आहे, नुसते अंक हवेत. म्हणून ती मजकूर म्हणून वाचा आणि मजकूरच राहू द्या. ओळीच्या शेवटी चिकटलेली नवी ओळ तेवढी छाटून टाका. या एका अदृश्य अक्षराने आमच्याकडे निम्म्या पोरांचा पहिला अर्धा तास खाल्ला आहे.

एक गंमतही झाली. एका पोराकडे लॅपटॉप नव्हता, तो मोबाईलवर कोड लिहीत होता आणि कीबोर्ड मराठीत राहिला होता. त्याने इनपुट दिलं ते देवनागरी आकड्यांत. संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, त्यालाही कोड म्हणतात. अक्षराच्या कोडातून शून्याचा कोड वजा करून अंक काढायची पद्धत त्याने वापरली होती. इंग्रजी शून्याचा कोड ४८, देवनागरी एकचा २४०७, वजाबाकी आली २३५९. अंक मोजायला ठेवलेल्या दहा खणांच्या यादीत (ती पुढे येतेच) हा बिचारा २३५९ वा खण शोधत बसला. शेजारचा म्हणाला, "तुझा एक लईच मोठा आहे की बे!" अक्षर थेट पूर्णांकात बदललं असतं तर पायथॉनने देवनागरी आकडाही मुकाट्याने ओळखला असता.

आठला फक्त शेपूट दिसतं

कोड्याचा जीव इथे आहे, इथे घाई करू नका. ज्यांच्या घरी आजोबांनी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ करून घेतली असेल त्यांना 'आठ सव्वा दहा' माहीत असेल. तेच शंभरपटीने वाढवा, आठ वेळा सव्वाशे म्हणजे हजार. हजाराला आठने पूर्ण भाग जातो, म्हणून दोन हजार, सत्तर हजार, नऊ कोटी, हजारांत मोजता येणाऱ्या सगळ्यांनाच जातो. मग कुठल्याही संख्येत भाग जातो की नाही हे कोण ठरवतं? हजारांच्या खाली जे उरतं ते, म्हणजे शेवटचे तीन अंक.

म्हणजे लाख अंकांपैकी ९९,९९७ अंक कुठल्या क्रमाने बसले याचं आठला काही देणंघेणं नाही. प्रश्न एवढाच उरला: दिलेल्या अंकांतून तीन अंक उचलून, नीट क्रमाने लावून, आठच्या पाढ्यातली संख्या बनते का? त्या तीन अंकांना आम्ही वर्गात 'शेपूट' म्हणतो.

पाढा कितपर्यंत? ०००, ००८, ०१६ असं करत ९९२ पर्यंत. एकूण १२५ शेपट्या. आमच्या खोलीत हा पाढा कुणी मनात तेलुगूत म्हणतं, कुणी कन्नडमध्ये. आठला एका घरी एनिमिदि म्हणतात, दुसऱ्या घरी एंटु. ९९२ मात्र सगळ्यांचा एकाच ठिकाणी येतो.

आता २३५७ घ्या. शेवटचा अंक सम हवा, सम फक्त २. म्हणजे शेपटीच्या टोकाला २. त्याच्या आधी ३२, ५२, ७२ यांपैकी काहीतरी येणार. ३२ आणि ७२ ना आठने भाग जातो, म्हणून त्यांच्यापुढे शतकस्थानी सम अंक हवा. (शंभरला आठने भागलं की चार उरतात, विषम शेकडा सगळं बिघडवतो.) पण आपल्याकडे दुसरा सम अंकच नाही. उरलं ५२. बावन्नला आठने भागून चार उरतात, म्हणजे पुढे विषम अंक हवा, तो ३ किंवा ७. शेपट्या मिळाल्या ३५२ आणि ७५२. चोवीस मांडण्यांपैकी फक्त दोन चालल्या: ७३५२ आणि ३७५२. सिग्नल सुटला.

आहेत का, यापेक्षा किती आहेत

शेपूट बनते का हे ठरवायला कुठला अंक किती वेळा आलाय ते मोजून ठेवायचं. दहा खणांची यादी घ्या, सगळ्यांत शून्य, मजकुरावरून एकदा फिरा आणि ज्या अंकाची गाठ पडेल त्याचा खण एकने वाढवा. मग प्रत्येक शेपटीसाठी विचारायचं: हिला लागणारे अंक आपल्या खणांत पुरेसे आहेत का?

'पुरेसे' या शब्दावर माझा जोर आहे. नवखे लोक 'आहेत का' एवढंच तपासतात आणि गोत्यात येतात. संख्या १११४ घ्या. तिच्यात १ आहे, ४ आहे, म्हणून १४४ ही शेपूट चालेल असं नुसत्या 'आहे का'च्या तपासणीत दिसतं. अठराआठे एकशे चव्वेचाळीस, बरोबर. पण १४४ ला दोन चार लागतात, आपल्याकडे एकच आहे. १११४ चं खरं उत्तर 'नाही'. याउलट ११४४ मध्ये दोन चार आहेत आणि ती आहे तशीच चालते, १४३ आठे.

एक बारीक मजा: शेपटीत तीनच अंक असल्याने कुठलाही अंक तीनपेक्षा जास्त वेळा असला तरी काही फरक पडत नाही. लाख अंकांची संख्या आणि जास्तीत जास्त तीस अंकांची संख्या या कोड्यापुरत्या सारख्याच.

कोड

भाषा कुठलीही घ्या, सांगाडा हा. मी मराठीतच लिहितो. पायथॉन ३ मध्ये चलांना देवनागरी नावं चालतातही, पण नोकरीच्या ठिकाणी हा प्रयोग करू नका.

अंक = वाचलेली ओळ, दोन्ही कडा छाटून
मोजणी = दहा शून्यांची यादी
अंक मधल्या प्रत्येक अक्षरासाठी:
— त्या अंकाची मोजणी १ ने वाढव
रुंदी = ३ आणि अंकांची लांबी, यांतली लहान
मर्यादा = १०, १०० किंवा १००० (रुंदी १, २, ३ असेल तशी)
प = ० पासून मर्यादेच्या आत, आठ-आठच्या उडीने:
— शेपूट = प चा मजकूर, डावीकडे शून्यं भरून रुंदीइतका
— शेपटीतला प्रत्येक अंक शेपटीत जितक्यांदा आहे, निदान तितका मोजणीत असेल तर 'हो' सांग आणि थांब
एकही शेपूट जमली नाही तर 'नाही' सांग

मजकुरावरून एक फेरी आणि नंतर फार तर १२५ शेपट्या. लाख अंकांनाही डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं.

दोन ओळींपाशी थांबतो. पहिली, डावीकडे शून्यं भरायची. ८ ची शेपूट '००८' आहे, '८' नाही. शून्यं भरली नाहीत तर १११८ ला तुमचा प्रोग्रॅम आनंदाने 'हो' म्हणेल, कारण एक आठ आहेच. खरं तर ११८ ला भाग जात नाही, १११ आणि १८१, ८११ ना तर टोकालाच विषम अंक. उत्तर 'नाही'.

दुसरी, रुंदीची. ही ओळ मला एका मुलीने लिहायला लावली. त्याआधी मी एक आणि दोन अंकी संख्यांसाठी वेगळे 'जर' लिहून मोकळा व्हायचो. वर्गातल्या दुसऱ्या एकाने त्यावर शॉर्टकट काढला, की लहान संख्येच्या पुढे शून्यं जोडून ती तीन अंकी करू, मग वेगळं काही नकोच. ऐकायला छान. मुलीने फळ्यावर १४ लिहिलं. शून्य जोडून ०१४, आणि त्यातून बनली १०४, तेरा आठे. प्रोग्रॅम 'हो' म्हणाला. पण १४ आणि ४१, दोन्हींना भाग जात नाही. फुकटचं शून्य मधे घुसलं. मग तिनेच सुचवलं, की संख्या लांब करण्याऐवजी शेपूटच आखूड करू. एका अंकासाठी ० आणि ८ अशा दोन शेपट्या, दोन अंकांसाठी ०० ते ९६ अशा तेरा, पुढे सगळ्यांना १२५.

सुरुवातीचं शून्य

इथे नेहमी वाद होतो. ६१० दिली आणि ०१६ अशी मांडणी केली तर ती तीन अंकी संख्या म्हणायची का? कोड्यात काही सांगितलेलं नसतं. पोरं दोन तट करून भांडतात, अर्धा तास सहज जातो, मीही जाऊ देतो. मग फळ्यावर ०१६ मधलं शून्य पुसून शेवटी लिहितो: १६०. संख्या दहापट झाली. जिला आठने भाग जातो तिच्या दहापटीलाही जाणारच. म्हणजे शून्याने सुरू होणारी मांडणी चालत असेल तर तीच शून्यं मागे नेऊन न सुरू होणारीही मिळतेच. शून्य पुढे चालतं म्हणा की चालत नाही म्हणा, 'हो' आणि 'नाही' बदलत नाहीत. वादाला विषयच नव्हता, पण हे कळायला वाद घालावा लागतो.

सबमिट करायच्या आधी

हे आकडे वहीत लिहून ठेवा आणि प्रोग्रॅमला एकेक द्या. ० ला हो, ४ ला नाही, ८ ला हो. १४ ला नाही, ६१ ला हो. १०० ला नाही आणि १००० ला हो, ही जोडी विसरू नका. १११४ आणि १११८ दोन्हींना नाही, २३५७ ला हो. एक लांबलचकही करून बघा, ९९,९९९ वेळा १ आणि शेवटी ४. उत्तर नाही, आणि ते लगेच यायला हवं.

त्यानंतर मघाशी ज्याला नावं ठेवली तो सगळ्या मांडण्यांचा प्रोग्रॅम बाहेर काढा. मोठ्या संख्यांना तो कुचकामी असला तरी लहान संख्यांवर तो चुकत नाही, इतका तो सरळ आहे. १ पासून ९९,९९९ पर्यंत प्रत्येक संख्या दोन्ही प्रोग्रॅमना द्या आणि जिथे उत्तरं जुळणार नाहीत ती संख्या छापा. पाच अंकांच्या १२० मांडण्या, म्हणजे फार तर सव्वा कोटीच्या आत काम. चहा घेऊन या. काहीच छापलं गेलं नसेल तर बिनधास्त सबमिट करा. एखादी संख्या छापली गेली तर ती सर्वांत लहान चुकणारी संख्या कागदावर सोडवा, दहापैकी आठ वेळा चूक रुंदीच्या किंवा शून्यं भरायच्या ओळीत सापडते.

जमलं असेल तर

'हो' वर समाधान न मानता सर्वांत मोठी अशी संख्या मागा. जी शेपूट जमेल ती मोजणीतून वजा करा, उरलेले अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मागे शेपूट जोडा. पहिल्या 'हो' ला थांबायचं नाही, सगळ्या शेपट्यांचे उमेदवार तयार करून त्यांतला मोठा ठेवायचा. सगळे सारख्याच लांबीचे, म्हणून मजकूर म्हणून तुलना केली तरी चालते. २३५७ मध्ये उमेदवार दोन, ७३५२ आणि ३७५२, मोठा पहिला.

आठच्या जागी सोळा घेतले तर शेपूट चार अंकांची होते आणि शेपट्या ६२५. नऊ घेतले तर सगळा डोलारा नको, अंकांची बेरीज केली की झालं, मांडणी कशीही करा. सात घेतले तर मात्र शेपूट उपयोगाची नाही, कारण दहाच्या कुठल्याच घाताला सातने भाग जात नाही आणि प्रत्येक अंक कुठल्या घरात बसला हे मोजावं लागतं. ते कोडं आमच्या फळ्यावर गेल्या रविवारपासून तसंच आहे, खाली कुणीतरी 'पुसू नये' लिहून ठेवलंय.